कातळातले चार ओहम

कोणत्याही वस्तूला तो आधी उलटा हात लावायचा. विजेच्या मोटारीचं ठीक आहे, पण चहाचा कप, दाराची कडी, तापाने फणफणलेल्या माझ्या मुलीचं कपाळ, सगळ्याला आधी हाताची मागची बाजू. "सरळ हात लावलात नि करंट असला तर मूठ आवळते, मास्तर. मग ती सुटत नाय." हे तो चहाच्या कपाबद्दलही पूर्ण गांभीर्याने सांगायचा.

रत्नागिरीत आमच्या घराला लागून त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. ऐंशीनंतरची वर्षं. कातळ फोडून लोक आंब्याची कलमं लावत होते, विहिरींवर पंप बसत होते आणि त्यातले निम्मे हाच बसवायचा. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहममध्ये रोध मिळतो, हे मी वर्षातून एकदा फळ्यावर लिहायचो. तो दिवसातून दहादा तोंडी करायचा. शिक्षण सातवीपर्यंत.

एकदा आमच्या विजेच्या शेगडीला मीटर लावून तो माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, हजार वॅटची सांगून दिलीन ना? एकशेसाठ व्होल्ट, तीन अँपिअर. चारशेऐंशी वॅट. अर्धी पण नाय. शेगडीचा दोष नाय वो, संध्याकाळचे व्होल्टच पडतात."

"मग भाताला उशीर होतो तो माझा दोष नाही, हे यांना सांगा," बायको म्हणाली. त्याने ते मला ओहमसकट समजावून सांगितलं.

एका ऑगस्टात तो एका बागेतला पंप बसवून आला. मोटार बिघडून तिच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर ती जमिनीत जावी आणि फ्यूज उडावी म्हणून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पट्टी पुरतात. तेच अर्थिंग. भिजलेल्या कातळात ते फार सुरेख जमलं होतं.

"पाच अँपिअर सोडले, वीस व्होल्ट आले. चार ओहम! दोनशेतीस भागिले चार, सत्तावन्न अँपिअर. पंधराची फ्यूज उडालीच समजा." मग म्हणाला, "मास्तर, हे चार ओहम कायम ऱ्हातात ना वो?"

मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "रोध कायम राहतो. नियमच आहे तसा."

पुस्तकात त्या नियमाच्या आधी 'भौतिक अवस्था कायम असताना' असे शब्द आहेत. मुलांनी ते गाळले की मी अर्धा गुण कापायचो.

मे महिन्यात त्या बागेच्या राखणदाराची बायको विहिरीवर कळशी भरायला गेली आणि पंपाला हात टेकून वाकली. जागच्या जागी गेली. फ्यूज शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी तो मीटर घेऊन निघाला, तेव्हा मीही सोबत गेलो. कातळ तव्यासारखा तापला होता आणि खड्डा कोरडा ठणठणीत. त्याने मोजलं आणि भागाकार मोठ्याने केला. "सेहेचाळीस ओहम. दोनशेतीस भागिले सेहेचाळीस, पाच. पंधराची फ्यूज पाचावर कशी उडंल?" मग गुणाकार. "पाच गुणिले दोनशेतीस, साडेअकराशे वॅट. सबंध शेगडी जमिनीत जळत होती, मास्तर, नि कुणास पत्ता नाय."

माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

तिथून पुढे दर मे महिन्यात त्याचं दुकान बंद. सायकलला पाण्याचे दोन डबे बांधून तो आपण पंप बसवलेल्या बागा फिरायचा. खड्ड्यात पाणी ओतायचा, मोजायचा, आकडा पंपाच्या खोलीवर तैलरंगाने लिहायचा. लोक हसायचे, 'दगडाला पाणी पाजतो' म्हणायचे. दुपारी माझ्या पडवीत येऊन तो एवढंच बोलायचा, "आज नऊ." "आज अकरा."

एकदा म्हणाला, "पाणी ओतताना मागे कळशी टेकवल्याचा आवाज येतो. वळून बघतो तर कुणी नाय."

"भास असतो," मी म्हणालो. पुन्हा तेच, मान वर न करता. खरं तर फळ्यावर ते सूत्र लिहिताना माझ्याही पाठीशी कुणीतरी उभं असायचं. मागे पन्नास मुलं असतात हे मलाही ठाऊक आहे; त्यांच्याबद्दल बोलत नाही मी. मला भीती वाटायची, आजही वाटते.

एका थंडीत तो छातीच्या दुखण्याने गेला. पुढच्या मे महिन्यात मला घरी बसवेना, म्हणून त्या बागेत गेलो. राखणदार स्वतःच खड्ड्यात पाणी ओतत होता. भिंतीवर आकड्यांची उभी रांग होती, शेवटचा मागच्या वर्षीचा.

"तुम्ही मास्तर काय?" त्याने विचारलं. "पंपवाले तुमचं नाव काढायचे नेहमी. सांगायचे, 'मास्तरांनी मला बजावलेलं, उन्हाळ्यात ओहम वाढतो, परत जाऊन मोज. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नाय.' आपली चूक तोंडावर कबूल केली त्यांनी, म्हणून मी कधी वाईट बोललो नाय त्यांना. बसा, चाय आणतो."

तो खोपीत गेला. त्याला खरं काय ते सांगायचं म्हणून मी मनात वाक्य जुळवत बसलो. चहा आला. मी तो प्यालो आणि घरी आलो.