उभ्याचं दुखणं

दारात कुणीही आलं की मास्तर उठून उभे राहायचे. पाहुणा, गॅसवाला, कचरा न्यायला येणारी बाई, सगळ्यांना एकच मान. "बसा, मी उभा आहे," म्हणायचे. कचरेवाली कुठे बसणार? ती डबा घेऊन पुढच्या दाराला जायची आणि हे उभेच.

नाव सांगत नाही, त्यांच्या सुनेला चालणार नाही. सिटी बसमध्ये कंडक्टर म्हणून नोकरी केली, म्हणून आम्ही सगळे मास्तरच म्हणायचो. हडपसरला त्यांच्या घरी मी स्वयंपाकाला जात असे. गाडी खड्ड्यातून गेली तरी दांडी न धरता तिकिटं फाडायचो, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी मी विचारलं, "धरली असती तर पगार कापणार होते का?"

"बरं झालं, तुम्ही माझ्या गाडीला नव्हता," म्हणाले.

मग कंपवात लागला. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. लोक थरथरणाऱ्या हाताकडेच बघतात. हाताचं एवढं काही नव्हतं. कप अर्धा भरून द्यायचा, झालं. खरा त्रास उठण्याचा. बेल वाजली की उठायचे, तोंड पांढरं पडायचं आणि विचारायचे, "लाइट गेली का?" वर पंखा फिरत असायचा.

"लाइट आहे," मी म्हणायचे. "तुम्ही चाललात. बसा."

मुलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून दवाखान्यात त्यांच्याबरोबर मी गेले. डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी लावल्या. आडवं केलं, सावकाश मोठे श्वास घ्यायला लावले, मग उभं केलं. कागदावर रेघ उमटत होती.

"कशी आहे गाडी?" मास्तरांनी विचारलं.

"एका लयीत चाललीय."

"घड्याळासारखी," मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले. खूश.

"तेच वाईट आहे, काका. श्वास घेतला की ठोके जरा भरभर पडायला हवेत, सोडला की सावकाश. उभं राहिलं की वाढायला हवेत. या दुखण्यात आतल्या नसाही जातात. तुम्ही उठता, रक्त पायांत उतरतं, आणि हृदयाला निरोपच पोचत नाही. ते आपलं जुन्याच चालीने."

औषध दिलं. पाणी भरपूर, मीठ जरा जास्त, उठायची घाई नको आणि एका जागी फार वेळ उभं राहणं नको.

 येताना रिक्षात, घर जवळ आल्यावर मास्तर म्हणाले, "लोणचं खाता येईल."

लोणचं मिळालं नाही. सून वाईट नव्हती. रोज सकाळी यंत्राने बीपी मोजायची, पण मास्तर पलंगावर पडलेले असताना. आडवे असले की त्यांचं बीपी चढायचं, उभे राहिले की कोसळायचं. तिला चढलेलंच दिसायचं. "मावशी, त्यांची भाजी अळणी करा." मग एकदा मास्तर बाथरूमच्या दारात पडले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर तिला चांगलंच सुनावलं, तेव्हा कुठे बरणी फळीवरून खाली आली.

त्यातच भाचीचं लग्न ठरलं. आई लहानपणीच गेलेली, पोर यांच्याच घरात वाढलेली. मंगलाष्टकांना मुलीच्या मागे मामा उभा राहतो. मास्तरांच्या डोक्यात मग दुसरं काही राहिलंच नाही.

"मामा, मी खुर्ची ठेवायला सांगते," भाची म्हणाली.

"बसलेला मामा पाहिलास कुठे?"

"पडलेलाही पाहिला नाही," मी म्हटलं.

"अहो बाई, थोड्या वेळाचं काम आहे."

थोडक्यात आटपा, असं भटजींना सांगून ठेवलं होतं. त्यांनी मान डोलावली. पण नवऱ्या मुलाच्या आत्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती, प्रत्येकीचं वेगळं. त्यांना कोण सांगणार?

वारज्याच्या कार्यालयात मास्तर पायात घट्ट मोजे घालून, तांब्याभर पाणी पिऊन भाचीच्या मागे उभे राहिले. त्यांच्या मागे मी. पहिलं मंगलाष्टक झालं. दुसऱ्या आत्याने माईक घेतला आणि मला त्यांचे कान पांढरे पडताना दिसले.

"लाइट गेली का?" अगदी हळू.

"बसा."

"होऊ द्या."

आणि गेले. मी काखेत हात घातले, पण ते ओझं मला कुठलं पेलणार? दोघंही खाली आलो. भाची हातात हार तशीच धरून वळली. "मुली, पुढे बघ," भटजी म्हणाले, "मुहूर्त टळेल." मुलाकडचं कुणीतरी म्हणालं, "दुपारीच घेतलेली दिसते." आत्या गात राहिल्या.

पाय उचलून खुर्चीवर ठेवले, तेव्हा डोळे उघडले.

"झालं का?"

"नाही. अजून एक आत्या आहे."

"मग उठतो."

मी त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि दाबून धरला. त्यांनी जोर केला नाही. अक्षता पडल्या, त्या त्यांच्याही तोंडावर पडल्या. त्यांनी झटकल्या नाहीत. मीही नाही.

थंडीत ते झोपेतच गेले. सुनेचा फोन आला, मी गेले. आल्यागेल्यांना चहा केला, कप विसळून ठेवले. रडू आलं नाही. अजून नाही.

परवा भाची आली होती. मोबाईलवर लग्नाचं शूटिंग दाखवलं. शूटिंगवाल्याने मामा पडल्याचा भाग कापून टाकलाय. शुभकार्यात असलं ठेवत नाहीत म्हणे. मास्तर उभे आहेत, मग नाहीत. तीच आत्या, तेच मंगलाष्टक. भाची सरळ पुढे बघत उभी आणि तिच्या मागे कुणी नाही.

"मावशी, मी वळले होते ना?"

"वळली होतीस."

तिने तेवढाच भाग परत लावला.