प्रीमियम बटण

सॉफ्टवेअरच्या धंद्यात अडाणीपणाचे किस्से जमवावे लागत नाहीत. ऑफिसात नुसतं बसून राहिलं तरी आपोआप पदरात पडतात! आमचं ऑफिस धाराशिवला. माणसं तीन: साहेब, महेश आणि मी. काम एकच: लोहाऱ्याच्या एका शेठजींच्या सोयाबीन खरेदी केंद्राचं ॲप. शेतकऱ्यानं घरूनच नंबर लावायचा, दोन-दोन दिवस उन्हात रांग नको. सास्तूरचे माझे काका दर वर्षी त्या रांगेत उभे राहतात, म्हणून हे ॲप नीट व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

*

'नंबर लावा' हे बटण मी गडद हिरवं केलं, वर ठळक पांढरी अक्षरं. साहेबांनी नाक मुरडलं. "असलं तर सगळ्यांच्याच ॲपमध्ये असतं! आपलं कस्टम पाहिजे. प्रीमियम!"

प्रीमियम म्हणजे नक्की काय, असं विचारलं तर म्हणाले, "मला तरी कुठं माहीत? दिसलं की कळंल!"

*

शेठजी आले ते पोराच्या नुकत्याच झालेल्या लग्नाची पत्रिका घेऊनच. मोतिया कागद, त्यावर फिकट सोनेरी अक्षरं. "बटण आसं पाहिजे. कडंनं वेलबुट्टी बी घ्या."

"शेठजी, हे वाचता येत नाही हो," मी म्हटलं.

"पत्रिका कोन वाचतंय? तरी जेवाया हजार मानूस आलं की!"

*

कोडमध्ये रंग एका जागी लिहून सगळीकडं वापरायचा असतो. महेशनं तो प्रत्येक बटणात वेगवेगळा लिहिला. शेठजींनी सोनेरीची छटा बदलली की आमचा आठवडा त्यातच.

"अरे, एका जागी लिहिला असतास तर दोन मिनिटांचं काम होतं!"

"व्हय, आन् दोन मिनिटांत झालं तर साहेब मला ठेवतील कशाला?"

अख्ख्या ऑफिसात डोकं चालवणारा हा एकटाच निघाला.

*

मी म्हटलं, एकदा बाहेर जाऊन उन्हात फोन धरून तर बघा. साहेब एसीसमोरून हलले नाहीत. "उन्हात मोबाईल कोण बघतंय गं?"

शेतकऱ्यांचं ॲप! आणि तेही आपल्या जिल्ह्यात!

*

ॲप सुरू झालं. रानात फोन उघडला की बटणच दिसेना. वैतागून माणसं फोन घेऊन थेट केंद्रावर आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठजींनी मात्र तोडगा काढला: आवारात मंडप ठोकला, ॲप वापरायला सावली! साहेबांनी त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. "बघा, ॲपला केवढी गर्दी!"

मी गेले तेव्हा मंडपातून निघालेली रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. रांगेच्या शेवटी काका उभे. डोक्यावर टॉवेल, हातात फोन.

"पोरी, हे तूच केलंय न्हवं?" त्यांनी विचारलं. "मग एवढं सांग, मंडपात जायाचा नंबर कुठं लावायचा?"