‘उत्तम’ला घाबरणाऱ्या मॅडम

आमच्या विद्यापीठात ‘उत्तम’ या शब्दाला घाबरणारी एकच व्यक्ती होती, आणि नेमकी तिच्याकडेच विद्यापीठाची गुणवत्ता सोपवलेली होती. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक. माहेर साताऱ्याकडच्या औंधचं, वडील फौजेत सुभेदार. मानांकनासाठी बाहेरची तज्ज्ञ समिती येणार हे ठरलं, तेव्हा कुलगुरूंनी त्यांना गुणवत्ता कक्षाच्या संचालक केलं आणि अहवालाची भाषा सांभाळायला मराठी विभागातून मला त्यांच्या हाताखाली दिलं. भाषा सांभाळणं म्हणजे विशेषणं पेरणं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. माझ्या पहिल्याच पानावर ‘विद्यापीठाचा निसर्गरम्य परिसर’ असं वाचून मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “झाडं किती?” मला कुठलं माहीत असायला! मग चैत्राच्या उन्हात सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या मॅडम पुढे आणि डोक्याला रुमाल बांधलेला मी मागे, असे आम्ही तीन दिवस झाडं मोजत हिंडलो. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “निम्मी सुबाभूळ आहे, सर. सुबाभळीला निसर्गरम्य म्हणायचं म्हणजे फारच झालं.” अहवालात झाडांची यादी गेली आणि अहवालातून माझं विशेषण गेलं.

कुठल्याही विभागात त्या न सांगता जायच्या आणि शेवटच्या बाकावर बसायच्या. तिथून फळा दिसतो का, आवाज येतो का, पंखा फिरतो का, एवढंच बघायच्या. एका विभागानं ‘अत्याधुनिक सूक्ष्मदर्शक’ असं कळवलं होतं. मॅडमनी त्यावरचं फडकं काढलं तर आत कोळ्यानं संसार थाटलेला, आणि तो बघायला कुठलंच भिंग लागत नव्हतं. विभागप्रमुख कावरेबावरे झाले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “राहू दे त्याला. फक्त ‘अत्याधुनिक’ तेवढं काढा.” मोठ्या आवाजात बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नाही. पण त्या येऊन गेल्या की विभागात बराच वेळ कुणी चहासुद्धा मागवत नसे.

विद्यार्थ्यांचे अभिप्राय आले तेव्हा मात्र त्यांची झोप उडाली. मोबाईलवरून भरायचे अर्ज होते ते. एका विभागातल्या झाडून सगळ्या मुलांनी एकाच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या प्रश्नांना ‘उत्तम’ दिलं होतं. “त्या दिवशी कॅन्टीनला काय होतं हो?” मॅडमनी मला विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःची गाडी घरी ठेवली आणि त्या पास काढून मुलांबरोबर एसटीनं ये-जा करायला लागल्या. पंधरा दिवस त्या कधी पायरीजवळ उभ्या, कधी मागच्या सीटवर बसलेल्या असत. मुलं आधी बिचकली, मग सरावली. माधवनगरच्या एका मुलीनं त्यांना सांगितलं, “मॅडम, वाचनालय सहाला बंद हुतंय. आमची एसटी साडेसातला. तवर आमी पोरी फाटकापाशी हुबं ऱ्हातो. पुस्तक उघडावं तर उजेड न्हाई, न् मिटावं तर पोरं टक लावून बघत्यात.”

अहवालात वाचनालयाची वेळ रात्री नऊपर्यंत अशी छापायला तयार होती. मॅडमनी ती खोडली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं की वाचनालय सहाला बंद होतं, मुली दीड तास फाटकाशी उभ्या असतात आणि हे विद्यापीठाचं दुर्लक्ष आहे.

कुलगुरूंनी आम्हां दोघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण श्रेणी घसरली तर निधी अडेल या काळजीनं पोखरला होता. “मॅडम, आपण वेळ वाढवू ना. पण घरातलं पाहुण्यांपुढे कशाला मांडायचं?”

“पाहुणे जेवायला येत नाहीत, सर. तपासायला येतात.”

कुलगुरू माझ्याकडे वळले. “तुम्हाला काय वाटतं?”

माझ्या बढतीची फाईल त्याच टेबलावर कुठेतरी होती. मला काय वाटतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, “भाषा थोडी सौम्य करता येईल.” मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागद उचलले.

परिच्छेद अहवालात राहिला, एवढं मला कळलं. समिती आली, तीन दिवस फिरली, आणि आमची श्रेणी एका पायरीनं उतरली. कारणं आणखीही होती, पण खापर फुटलं मॅडमच्या माथ्यावर. त्यांना संचालकपदाची मुदतवाढ मिळाली नाही. पुढं एक दिवस एका ओळीचं परिपत्रक निघालं, वाचनालय आठपर्यंत उघडं राहील म्हणून. त्यात कुणाचंच नाव नव्हतं.

निवृत्तीनंतर त्या औंधला राहायला गेल्या. मागच्या महिन्यात एका कामासाठी साताऱ्याला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जेवूनच जायचा हट्ट धरला. गावी राहून त्यांची बोली पुन्हा माहेरी आली होती. दोन घास झाल्यावर मी एकदाचं म्हणालो, “मॅडम, त्या दिवशी कुलगुरूंसमोर मी तुमच्या बाजूनं बोलायला हवं होतं.”

“आवं सर, तुमी सौम्य करा म्हणालात, तवा केलं की मी. ‘दुर्लक्ष’ खोडलं न् ‘पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही’ असं लिवलं. तुमी वाचलं न्हाई?”

मी वाचलं नव्हतं. तो शेवटचा मसुदा काय, छापील अहवालही उघडायचा धीर मला झाला नव्हता.

“लय जड गेलं बरं का ते वाक्य,” त्या हसल्या. “पर तुमची फाईल तिथं हुती, ठावं हुतं मला. तुमचा सल्ला फुकट गेला असता, तर ती अडली असती. झाली न्हवं बढती?”

“झाली.”

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. त्या ‘बरं’मध्ये कुठं टोमणा सापडतो का, हे मी परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा शोधत राहिलो. सापडला असता तर जरा हलकं वाटलं असतं.