ताऊससाब आणि आहूसाब

माझं लग्न होऊन चार महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. सासर सोनपेठकडचं, गोदावरीकाठचं, आणि सासरे गावचे पाटील. राज्य निजामाचं, म्हणजे सरकारी कागद सगळा उर्दूत. तो वाचून दाखवायचा पटवाऱ्यानं. आमच्या पटवाऱ्याला अक्षरं लागायची, अर्थ लागेलच असं नाही. पण तसं कबूल करील तर तो पटवारी कसला!

एके सकाळी चावडीपुढं हलगी वाजली. "ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय! ताऊस आन् आहू, ह्या दोघांना कुणी मारायचं न्हाई! मारंल त्याला जुर्माना!"

झालं! गावभर एकच चर्चा, हे दोघं कोण? पटवाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मोठी मान्सं असतील, त्याबिगर सरकार लिहील व्हय?" मग सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, तालुक्याला दोन नवे साहेब आलेत. "मारू नका म्हनून दवंडी द्यावी लागली, म्हंजी आदी कुठंतरी चांगला चोप खाल्लेला दिसतोय," मोठी जाऊ म्हणाली, आणि आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसलो. सासूबाईंनी मात्र ओसरी सारवून घेतली. न जाणो, कधी येऊन टपकतील.

मला त्या साहेबांचं काही पडलेलं नव्हतं. माझा जीव होता मोरात. मी अंगणात ज्वारी पाखडायला बसले, की मागच्या बाभळीवरून तो खाली उतरायचा आणि सुपापासून हातभर अंतरावर दाणे टिपायचा. त्या घरात मला अजून कुणी नावानं हाकसुद्धा मारत नव्हतं. हा मात्र रोज येतो, माझ्यासाठी येतो, असं मी आपलं धरून चालले होते. सासूबाई चिडवायच्या, "आलं बग तुजं माहेरचं मानूस."

पंधरा दिवसांनी खरंच एक साहेब दौऱ्यावर आले. पुढं त्यांचा छकडा, मागं सामानाची बैलगाडी, आणि गाडीत वाटेवरच्या गायरानात त्यांच्या जमादारानं मारलेलं काळवीट. साहेब लोक आले की माळावर बार निघायचेच, त्यात कुणाला काही वाटत नसे. गाव वाकून म्हणालं, "सलाम, ताऊससाब!" साहेबांनी डोळे बारीक केले. टिंगल चाललीय की काय, असं त्यांना वाटलं असणार. पण समोर सगळी भाबडी तोंडं. मग ते आमच्या ओसरीवर येऊन बसले.

चहा पुढं आला आणि तेवढ्यात नेमका माझा मोर अंगणात उतरला. साहेबांनी कप खाली ठेवला, बंदूक मागवली. "वाह! क्या ताऊस है! आज येच पकाव!"

मी दाराआड होते. साहेबांचं बोट मोराकडं, आणि तोंडात ताऊस! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सासूबाईंचा पदर ओढत मी म्हणाले, "आत्याबाई, ताऊस म्हंजी मोर! आपला मोर वं! सांगा ना त्यास्नी!"

"गप बैस. सायबाला कोन बोलनार?"

साहेब नेम धरायला लागले. मग माझं डोकंच फिरलं. डोक्यावरचा पदर सावरत सरळ ओसरीवर गेले, सासऱ्यांच्या देखत. "सायेब, ताऊस मारायचा न्हाई म्हनून दवंडी हाय! माराल तर तुमालाबी जुर्माना पडंल!"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी पटवाऱ्याकडून तो कागद मागवला, वाचला. खाली त्यांचीच सही होती. ती बघता बघता साहेब असे खो खो हसायला लागले की टोपी पडली. बंदूक जमादाराकडं गेली. "पटेल, तुमची बहू जीत गई. चलो, गाडी में जो है वोच पकाव."

अगं बाई, काय सांगू माझा आनंद! उड्या मारायच्या तेवढ्या राहिल्या. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून ते मटण मी स्वतः शिजवलं. लसूण घातला, घरचा येसर मसाला घातला, मोर वाचल्याच्या खुशीत हात जरा सढळच पडला. साहेबांनी दोनदा मागून घेतलं. मोठी जाऊसुद्धा म्हणाली, लय चव हाय तुज्या हाताला.

साहेब छकड्यात बसले, तेव्हा सासरे हात जोडून पुढं झाले. "सायेब, ताऊस म्हंजी मोर, कळलं. आन् आहू म्हंजी काय? तेबी सांगून ठिवा. आमच्या हातून चूक नको व्हायला."

साहेबांनी ढेकर दिला आणि मिशीतल्या मिशीत हसले. "आहू? हरन, पटेल! अबी तो खाए ना हम. तुमची बहूच पकाई!"

छकडा निघून गेला. सासरे पटवाऱ्याकडं बघत राहिले, पटवारी पायाच्या अंगठ्याकडं. मोठी जाऊ हसून हसून खाली बसली, "आहूसाब आले बी आन् गेले बी!" आणि मीही हसले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन बसले. मोर आला, रोजच्यासारखा हातभर अंतरावर उभा राहून दाणे टिपायला लागला. माझ्या हातांना अजून येसराचा वास येत होता. मी ज्वारी त्याच्यापुढं टाकली आणि हात पदराखाली घेतले.