वकिलांची ऑस्टिन आणि मिस्त्रीचा सोमवार

लातूरच्या बसवंत मिस्त्रीला सोमवारी खोटं बोलता येत नसे. कपाळाला विभूती लावली, उपास धरला, की जीभच वळायची नाही. म्हणून दहा वर्षं त्यानं सोमवारी गॅरेज बंद ठेवलं. लोकांना वाटे, काय महादेवाचा भक्त आहे! खरं कारण कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभं होतं. ती माधवराव वकिलांची जुनी ऑस्टिन मोटार.

बहात्तरच्या दुष्काळात वकिलांनी ती मोठ्या हौसेनं नव्यासारखी करायला दिली होती. बसवंतनं इंजिन उतरवून दुरुस्त केलं आणि त्याच आठवड्यात सासुरवाडीहून निरोप आला. विहिरीच्या तळाशी पाणी होतं, पण उपसायला साधन नव्हतं. त्यानं कुणाला न विचारता इंजिन बैलगाडीत घातलं आणि विहिरीवरच्या पंपाला जोडून दिलं. दोन महिन्यांत परत आणू म्हणाला. वकिलांना सांगितलं, "मुंबईहून पार्ट यायचाय." तो पार्ट दहा वर्षं येतच राहिला.

यंदा लातूर जिल्हा झाला आणि वकिलांच्या अंगातच आलं. सत्तरी ओलांडलेला माणूस दिवसाआड काठी टेकत गॅरेजात यायचा. "नव्या कलेक्टर कचेरीपुढं मी माझ्या गाडीतून उतरणार, बसवंता. डोळे मिटायच्या आत."

त्याच सुमारास सासुरवाडीच्या विहिरीवर वीज आली आणि मेव्हण्यानं इंजिन आणून टाकलं. आता काय, बसवायचं आणि पार्ट आला म्हणायचं! पण बसवंतचा हात चालेना. इंजिनावर विहिरीवरच्या लोकांनी पुजलेलं दहा दसऱ्यांचं हळदकुंकू साचलं होतं. रॉकेलचा बोळा घेऊन तो घासायला बसे, लगेच उठे. पाना शोधत फिरे, तो हातातच असे. ताटावरून उठून गॅरेजात जाई आणि तसाच परत येई. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

बायको कमलम्मा शेवटी कावली. "आवो, पुसून तरी टाका न्हाईतर सांगून तरी टाका. येरझाऱ्या घालून मला येड लावू नका."

सोमवारी बसवंत वकिलांच्या दारात उभा राहिला. "आज खोटं निघत न्हाई तोंडातून, म्हनून आज आलो," म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

वकील लालबुंद झाले. "दहा वर्षं उन्हातान्हात मी कोर्टात पायी गेलो! चोरी आहे ही. मला विचारायला काय झालं होतं?"

"इचारलं असतं तर दिलं असतं का, सायेब?"

वकील खुंटीवरच्या काळ्या कोटाकडे बघत राहिले.

"किती घरं होती त्या विहिरीवर?"

"साठ."

"नसतं दिलं," ते म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी पायानं चपला ओढल्या, काठी घेतली.

"आज सोमवार आहे ना, बसवंता? मग खरं सांग. चालेल का ती?"

"हाव, सायेब. चालंल."