चाचांचे हिरवे कागद

कारखान्याच्या स्टोअर्समधून मला ट्रान्सपोर्टमध्ये टाकलं तेव्हा गाड्यांमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. गाडी चालवायचीसुद्धा भीती वाटायची. घर शारजात अल नहदाला, नोकरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, आणि मधला सगळा रस्ता मी स्टिअरिंगला लोंबकळून पार करायचो. तेवढं जमलं तेही चाचांमुळे. चाचा आमच्या कामगारांच्या बसवरचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, दापोलीकडचे. लायसन्स मिळूनही मी गाडी पार्किंगमधून बाहेर काढेना, म्हणून ते कितीतरी शुक्रवार माझ्या शेजारी बसले. "साहेब, आरशात बघत चला," म्हणायचे. "मागचा पण कुणाच्या तरी घरचाच आहे."

तर या माणसाची नोकरी घालवायला मी निघालो. तेही पद्धतशीर, एक्सेलमध्ये.

झालं असं, की आमचे जनरल मॅनेजर एक दिवस वैतागून म्हणाले, "बसें इतनी ठुकती हैं, मुझे बताओ ठोकता कौन है." मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि तो कुणावर तरी चालवून बघायला हात शिवशिवत होते. तिकडे अपघात झाला की पोलीस जागेवर येऊन एक कागद लिहून देतो. तो दाखवल्याशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही. खरा कागद ड्रायव्हर थेट गॅरेजला न्यायचा, माझ्या फायलीत त्याची झेरॉक्स यायची. मजकूर सगळा अरबी. मला त्यातला गाडीचा नंबर आणि तारीख एवढंच वाचता यायचं. स्टोअर्समध्ये बोल्ट मोजायचो तसे मी वर्षभराचे कागद मोजले, नंबरावरून ड्रायव्हर शोधले आणि प्रत्येकाच्या नावावर एक उभा खांब काढला. चाचांचा खांब इतका उंच झाला की पान उभं करून छापावं लागलं. मी तो लाल रंगवला. उठून दिसावा म्हणून.

कौतुकाने एक प्रत घरी नेली. बायकोने लाल खांबाखालचं नाव वाचलं. "हे चाचा म्हणजे आपले चाचा?"

"आकडे आपला-परका बघत नाहीत," मी म्हणालो. तिने त्या पानावर कढईचं झाकण ठेवलं.

जनरल मॅनेजरना तक्ता फार आवडला. "शाबाश. महीने के आखिर में इसका कैन्सल करो. खलास." कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द, म्हणजे थेट विमान. आणि गाडी ठोकतो म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. हे मला शाबासकीनंतर सुचलं.

चाचांना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"कागद नीट बघितलेत, साहेब?"

"बघितले ना. सगळे तुमच्याच बसचे."

"ठोकली म्हणून काढला, असं गावात सांगू?" मग म्हणाले, "महिना संपायला अजून दिवस आहेत. चार दिवस पहाटे माझ्या बसमध्ये बसा. शुक्रवारी मी बसत होतोच की."

याला नाही कसं म्हणणार. पहाटे उठून मी पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये बसू लागलो. तीन दिवस मी चाचांच्या चुका टिपायला वही उघडून बसलो आणि वही कोरी राहिली. उलट बस इतकी अलगद चालायची की मलाच डुलकी लागायची.

चौथ्या दिवशी आमच्या शेवटच्या स्टॉपवर, एका राउंडअबाउटच्या तोंडाशी, मी खाली उतरलो. तिथे एक कॅफेटेरिया होता, कडक चहा आणि ऑम्लेट-पराठा फार छान मिळायचा. चाचा म्हणाले, "साहेब, इथे जास्त थांबायला नको." मी म्हणालो, "दोन मिनिटं, चाचा." कामगार चढून बसले, बस माझ्यासाठी उभी. मी पहिला घोट घेतला आणि मागे धाडकन आवाज झाला. राउंडअबाउटमधून वळून आलेलं एक पिकअप बसच्या मागे येऊन बसलं होतं. पिकअपवाल्याला समोरून उगवत्या सूर्याने काही दिसलंच नव्हतं. कुणाला खरचटलंही नाही. चहा तेवढा माझ्या शर्टावर.

पोलीस आला. चाचांना बघून ओळखीचं हसला. पिकअपवाल्याला त्याने लाल कागद दिला आणि चाचांना हिरवा.

"हा हिरवा कसा?" मी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं त्यांनी शुक्रवारी पार्किंगमध्येही पाहिलं नव्हतं. "ज्याची चूक त्याला लाल, साहेब. ज्याची नाही त्याला हिरवा."

माझ्या फायलीत सगळे कागद करडे होते. झेरॉक्स मशिनने लाल आणि हिरव्यात काही फरक ठेवला नव्हता, आणि वर्षभर खुर्चीतून न उठलेल्या मला रंग असतात याचाच पत्ता नव्हता. फायल माझ्या बॅगेतच होती. मी पोलिसापुढे चाचांचे कागद धरले. तो हिंदी झकास बोलायचा. "ये हरा. ये भी हरा. ये मैंने लिखा, इधर का. ये भी इधर का." शेवटपर्यंत एकही लाल नाही, आणि जवळजवळ सगळे याच राउंडअबाउटचे. "इधर स्टॉप किस गधे ने बनाया?" त्याने विचारलं.

चाचा आकाशाकडे बघू लागले.

स्टॉप मी केला होता. ट्रान्सपोर्टमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात. आधी तो बराच पुढे, रस्त्याबाहेरच्या मोकळ्या वाळूत होता. एकदा रूट बघायला गेलो असताना मला हा कॅफेटेरिया दिसला, आणि 'कामगारांच्या सोयीसाठी' असा मेमो काढून मी स्टॉप पराठ्यापाशी आणला होता.

त्याच दुपारी जनरल मॅनेजरपुढे उभा राहिलो. हिरवा कागद ठेवला, माझा मेमो ठेवला. चहाचा शर्ट अंगावर होताच. त्यांनी मेमो सावकाश, मोठ्याने वाचला, खालच्या सहीसकट.

"तो अब कैन्सल किसका करूँ?"

मी मेमोवर बोट ठेवलं. "सर, स्टॉप का."

ते इतके हसले की बाहेरचा टायपिस्ट डोकावून गेला.

चाचा राहिले. स्टॉप पुन्हा वाळूत गेला. मी तक्ता फाडला आणि भिंतीवर रस्त्यांचा नकाशा लावला. आता अपघात माणसाच्या नावावर नाही, जागेवर मांडायचा, लाल किंवा हिरवी टाचणी टोचून. अशाने आणखी दोन जागा सापडल्या. एक तर आमच्याच फाटकाची होती. तिथे बस रिव्हर्स घ्यायची पद्धत बंद केली. काही महिन्यांनी तोच पोलीस फाटकाशी थांबून विचारू लागला, "मेरा ग्राहक किधर गया, हबीबी?" मी त्याला नकाशा दाखवला. त्याने एक प्रत मागून नेली, आणि पुढे शेजारच्या कंपन्यांच्या बसही त्या राउंडअबाउटपासून लांब उभ्या राहू लागल्या. चाचा स्वतःच्या मर्जीने गावी गेले तोपर्यंत त्यांच्या बसच्या मागचा पत्रा पुन्हा चेपला नाही.

स्टॉप हलवल्यानंतरच्या वर्षभरात फायलीत कागद एकच आला. नव्या स्टॉपचा खांब रोवून झाल्यावर, कसा दिसतो ते बघायला मी कंपनीचं पिकअप मागे घेतलं आणि आरशात बघायचं विसरलो. खांब आडवा झाला. पोलिसाने लिहिलेला कागद चाचा स्वतः ऑफिसात घेऊन आले.

"साहेब, याची झेरॉक्स नका काढू," ते म्हणाले. "रंग जाईल."

आणि भिंतीवरच्या नकाशात, वाळूतल्या त्या जागेवर, त्यांनी अगदी सावकाश लाल टाचणी टोचली.