ज्याची तक्रार त्याचं खातं

सोमवार, सव्वीस तारीख, सकाळचे दहा. हजर: मालक अण्णा, साड्या दाखवणारे सुरेशराव, फॉल-पिको करणारी शांताक्का, बसप्पा हमाल आणि इतिवृत्त लिहिणारा मी, म्हणजे मॅनेजर.

नोकरांच्या तक्रारींवर आमच्या अण्णांइतका लुब्ध मालक अख्ख्या हुबळी-धारवाडात सापडणार नाही. दाजीबानपेठेतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात दर सोमवारी अर्ध्या शटरआड बैठक भरते, आणि पंगतीत जिलबीची वाट पाहावी तशी अण्णा तक्रारीची वाट पाहतात. ती आली की मांडीवर थाप मारून म्हणतात, "छान! आजपासून हे खातं तुमचं." सुरेशराव एकदा चहा पांचट आहे म्हणाले आणि चहाखात्याचे प्रमुख झाले. त्यांनी आलं, गवती चहा, गूळ असे प्रयोग चालवले, एक गिऱ्हाईक बाई तीन कप पिऊन साडी न घेताच गेल्या, तरी अण्णा खूश: "चहा तरी पसंत पडला!" शांताक्काला उजेड कमी पडत होता. उजेडखातं मिळताच तिनं दारातला पुतळा हुसकला आणि तिथं आपलं मशीन मांडलं. दोन दिवस लोक तिच्याच पदराला हात लावून भाव विचारत. "सोडा हो, नवऱ्यानं घेतलेली आहे!" असं ती ओरडायची, पण काम भरभरून येऊ लागलं. बसप्पा जिन्याला वैतागला होता. त्यानं माडीवर कप्पी बसवली, आणि पहिला गठ्ठा थेट अण्णांच्या स्कूटरवर उतरला. आरसा फुटला. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, जिना लागलाच नाही!"

मग अण्णांचे जावईबापू बेंगळुरूची नोकरी सोडून दुकानात आले आणि अंगठ्यानं हजेरी घेणारं यंत्र घेऊन आले. बसप्पाचा अंगठा वर्षानुवर्षं सुतळी ओढून गुळगुळीत झालेला. यंत्र त्याला ओळखेना. महिनाभर घाम गाळूनही तो एकदाही कामावर आला नव्हता, असं यंत्राचं म्हणणं. माझ्या वहीत तो रोज हजर. पण वही हा जावईबापूंच्या मते पुरावा नव्हे.

तर सव्वीस तारखेला कुणी तोंडच उघडेना.

"कुणाचीच तक्रार नाही?" अण्णा घाबरले. "अरे, दुकान चालू आहे ना?"

"इर्ली बिड्री, अण्णा," बसप्पा म्हणाला. "जाऊ द्या आता. एक तारखेपासून नवनगरच्या गोदामात जातो. तिथं तोंड बघून हजेरी घेतात."

मी पेन खाली ठेवलं. "अण्णा, माझी तक्रार आहे. यंत्र चुकतंय, हे जावईबापूंना कुणीच सांगत नाही. तुम्हीसुद्धा."

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"छान," ते हळूच म्हणाले. "हे खातं तुमचं, मॅनेजरसाहेब."

बाकीचे उठून गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. "माझ्याच्यानं होत नाही हो. मी त्यांना काही बोललो, की घरी पोरगी दोन-दोन दिवस नीट जेवत नाही."

आज तीस. उद्या बसप्पा जाणार. जावईबापू समोरच्या खोलीतच बसलेत, दारही उघडं आहे. सकाळपासून मी यादीतली सगळी कामं उरकली; दिवाळीच्या मालाची, पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरांचीसुद्धा. त्यांच्याशी बोलणं तेवढं राहिलंय.